काकीला सांगितलेलं तोरण

कुणाच्या हातचं काम चांगलं असेल तर मला आधी त्यातली खोट दिसते. हा स्वभाव मी कुणाकडून उचललेला नाही, तो माझा स्वतःचा आहे. लग्नात रुखवत मांडलेलं असतं, बाकीच्या बायका लाडवांचा मनोरा आणि साखरेची तुळस बघत असतात, आणि मी भरतकामाचा रुमाल हळूच उलटा करून पाठीमागच्या गाठी मोजत असते. गाठी सापडल्या की मला बरं वाटतं.

माझ्या कामात गाठ सापडत नाही. पंचवीस वर्षं मी मॅटीच्या, म्हणजे चौकटींच्या विणीच्या कापडावर फुल्या भरते आहे. शहरात त्याला क्रॉस स्टिच म्हणतात, आम्ही फुलीचा टाका म्हणतो. एक तिरका टाका, त्यावर दुसरा उलट्या अंगानं तिरका, झाली फुली. अशा हजारो फुल्या मोजून भरल्या की मोर होतो. टाका कुणालाही येतो, खरं काम मोजण्याचं असतं. एक घर चुकलं की मोराची मान मुरगळते.

माझं माहेर तळेगावचं. लग्न होऊन कार्ल्याजवळच्या या गावात आले तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या खाली नमुन्यांची दोन पुस्तकं होती. त्या दोन पुस्तकांवर मी गावात राज्य केलं म्हणा ना. आळीतल्या निम्म्या बायका माझ्या ओटीवर बसून सुई धरायला शिकल्या. मी शिकवायची मनापासून, पण थोडं हातचं राखून. सगळंच दिलं तर मग आपल्याकडे येणार कोण?

गणपती गेले, भाताला लोंब्या दिसायला लागल्या, की माझा मोसम सुरू व्हायचा. खंडाळ्याला एक मॅडम आहेत, त्यांच्या जुन्या बंगल्यात पाहुणे उतरतात. दसऱ्यापासून नाताळपर्यंत त्या बंगल्यात टेबलांवर, खिडक्यांत, उशांवर नवं भरतकाम दिसलं पाहिजे असा त्यांचा हट्ट. दरवर्षी त्यांचा फोन, "यंदा नवीन काय?" मी पुस्तक उघडायची. दिवाळीला मोर आणि समई, नाताळला बर्फातलं घर, त्याचं धुराडं, शिंगवालं हरीण. आमच्या मावळात बर्फ बघायचा तर रसवंतीच्या गाड्यावर जावं लागतं, पण पुस्तकात होतं ते मी भरत होते, आणि मॅडम ते लावत होत्या.

माझी धाकटी जाऊ पवन मावळ भागातली, डोंगराखालच्या वाडीतली. बारा वर्षांपूर्वी घरात आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मीच शिकवलं. दोन घरांमध्ये एकच भिंत, एकच अंगण. जावा जावा उभा दावा म्हणतात, पण आमचा दावा कधी उभा राहिलाच नाही, कारण ती माझ्यापुढे बसून असायची. ती विचारायची, मी सांगायची. मला ते फार आवडायचं.

यंदा भादव्यात ती एक वही घेऊन आली. तिच्या पोराची गणिताची वही, चौकटीची. अर्ध्या वहीत बेरजा-वजाबाक्या आणि मागच्या पानांवर तिनं पेन्सिलीनं एकेक चौकट भरून चित्रं काढली होती.

"जाऊबाई, ह्ये बगा की. आसंच काडलंय. हसू नका."

मी हसायच्या तयारीनंच वही घेतली होती. पहिल्या पानावर सोनकी होती. डोंगरावर सप्टेंबरात पिवळी सोनकी पसरते, ती आम्ही सगळ्यांनी जन्मभर पाहिली आहे, पण ती फुल्यांत मोजावी असं माझ्या मनात कधी आलं नाही. मग वाकलेली भाताची लोंबी. मग पडवीत टांगलेला आकाशकंदील, त्याच्या शेपट्या वाऱ्यानं एकीकडे गेलेल्या. तुळशीचं वृंदावन, त्यात उसाचं कांडं खोवलेलं. आणि नाताळसाठी तिनं काय काढावं? खंडाळ्याचाच बंगला. लाल पत्र्याचं छप्पर, धुकं दाखवायला मधल्या चौकटी तशाच कोऱ्या सोडलेल्या, आणि व्हरांड्याला कागदाचा लाल तारा.

कोऱ्या चौकटींचं धुकं. पंचवीस वर्षांत मी एक चौकट माझ्या मनानं रिकामी ठेवली नव्हती.

"बरं आहे," मी म्हणाले. "पण हरणाला जी शोभा आहे ती याला नाही."

"व्हय, ते तर हायच," ती म्हणाली. तिला ते खरंच वाटलं, म्हणून मला आणखी राग आला.

खंडाळ्याला नवं काम दाखवायला गेले तेव्हा धाकटीही वही घेऊन सोबत आली. मॅडमनी ती वही पाहिली तेव्हा मी तिथंच होते. त्यांनी माझं बर्फातलं घर घडी करून बाजूला ठेवलं आणि वही खिडकीपाशी उजेडात नेली. "हे आपलं आहे," असं दोनदा म्हणाल्या. परतीच्या एसटीत धाकटी वही पदराखाली धरून बसली होती, तिला आनंद दाखवायची लाज वाटत होती. मी खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, गुरूची विद्या गुरूलाच फळली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी ते गिळलं असतं. मॅडम परक्या. पण मार्गशीर्षात माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

एकुलती एक मुलगी, लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करते. मुलगा देहूरोडचा, डेपोत नोकरीला. रुखवतासाठी मी तिच्या दहावीपासून मनात यादी करत होते. आमच्याकडे रुखवत म्हणजे आईची परीक्षा. मुलाकडच्या बायका एकेका वस्तूपुढे थांबतात आणि विचारतात, "हे कुणी केलं?" आणि "हिच्या आईनं" हे उत्तर ऐकायला आई जरा लांब, खांबाआड उभी असते. त्या खांबाआड उभं राहायची मी किती वर्षं वाट पाहिली होती, ते माझं मलाच माहीत.

नवरात्राच्या सुमारास मुलगी म्हणाली, "आई, दाराचं तोरण मी काकीला सांगितलंय."

मी भाजी निवडत होते. "कसलं तोरण?"

"पाच कापडी पानांचं. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत एकेक सण एकेका पानावर. झेंडू, कंदील, तुळस, नाताळचा बंगल्यावरचा तारा आणि संक्रांतीची सुगडं. तिच्या वहीतले नमुने. एकदम नवीन आहे गं, कुणाकडेच नसेल."

"आणि मी?"

"तू टेबलक्लॉथ कर ना. मोरांचा. तुझा मोर छानच असतो."

तुझा मोर छानच असतो. शेजारणीच्या पोराला शाबासकी द्यावी तसं ती म्हणाली. तोरण दाराला लागतं, येणारा-जाणारा आधी तेच बघतो. टेबलक्लॉथवर ताटं ठेवतात. त्या दिवशीच्या भाजीत निम्मी देठं गेली होती.

दोन दिवसांनी धाकटी दोरे दाखवायला आली. लोणावळ्याच्या बाजारातून आणलेल्या लड्या तिनं माझ्या मांडीवर ओतल्या. पिवळा, हिरवा, मातकट तपकिरी आणि एक लाल. तो लाल असा होता की दुसऱ्या रंगावर नजर ठरेना. पण लडीवर कागदाची चिठ्ठी नव्हती, कुठल्या कंपनीची ते कळायला मार्ग नव्हता.

मी सवयीनं दोऱ्याचं टोक जिभेला लावलं आणि चिमटीत धरून ओढलं. अंगठ्याला लाली आली. थोडीशी, पण आली.

लाल दोरा हा या कामातला दगाबाज. कच्चा असला तर पहिल्या धुण्यात रडतो आणि पांढरं कापड गुलाबी करून ठेवतो. म्हणून लाल दोरा वापरायच्या आधी गरम पाण्यात मीठ घालून भिजवायचा, पाणी बदलायचं, पुन्हा भिजवायचा, निवळ पाणी येईपर्यंत. तरी रंग सुटत राहिला तर टाकून द्यायचा. हे मी कुणालाच शिकवलेलं नव्हतं. हातचं राखलेलं होतं ते हेच.

धाकटी माझ्या तोंडाकडे बघत होती. "चांगला हाय ना?"

"रंग सुंदर आहे," मी म्हणाले, आणि अंगठा पदराला पुसला.

खोटं बोलले नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. रंग सुंदर होताच.

पुढचा महिना-सव्वा महिना मी मोरांवर घालवला. मुलगी ड्यूटीवरून आली की चहा पिऊन तडक पलीकडे जायची. भिंतीतून दोघींचं हसू ऐकू यायचं. "काकी, ताऱ्याला अजून एक टोक दे ना," "आगं मावंना त्ये, चौकटीच न्हाईत तेवड्या." माझ्याकडे ती कधी अशी टोक मागायला आली नव्हती. मी मोराच्या पिसाऱ्यात सुई खुपसायची आणि मनात म्हणायची, धुवू दे एकदा, मग बघू. कधी कधी उलटंही वाटायचं. जाऊन सांगून टाकावं, अजून फक्त तारा आणि कंदील भरून झालेत, उसवता येईल. एकदा उंबऱ्यापर्यंत गेलेही. आतून मुलीचा आवाज आला, "काकी, तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही." मी तशीच मागे फिरले.

लग्नाला नऊ दिवस राहिले होते. सकाळी धाकटीनं पाचही पानं हाताचा मळ आणि पेन्सिलीच्या खुणा काढायला अंगणात बादलीत घातली, आणि थोड्या वेळानं तिची अशी किंकाळी आली की मी चुलीवरचं दूध तसंच टाकून बाहेर आले.

बादलीतलं पाणी लाल झालं होतं. तिनं दोन्ही हातांनी पानं वर धरली होती. झेंडू, तुळस आणि सुगडांत लाल रंग नव्हता, पण ती लाल पाण्यात पडून होती, त्यांच्यावर फिकट झाक आली होती. कंदील आणि तारा मात्र पार गेले होते. धुक्यासाठी कोरं सोडलेलं सगळं कापड गुलाबी झालं होतं.

आता खरं तेच लिहिते. पहिल्यांदा मला बरं वाटलं. घोटभर गार पाणी प्यावं तसं बरं वाटलं. मग धाकटीचं तोंड बघितलं आणि ते बरं वाटणं टिकलं नाही.

मुलगी ब्रश तोंडात घेऊन बाहेर आली. मला वाटलं होतं ती रडेल, काकीवर चिडेल, "आई, आता तूच काहीतरी कर" म्हणेल. खरं तर या वाक्याची मी महिनाभर वाट पाहत होते. तिनं तोंड धुतलं, काकीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे गं काकी. तुझी काय चूक?"

"माजीच चूक," धाकटी हुंदके देत म्हणाली. "दोरा बगून घ्याया पायजे व्हता. पर जाऊबाईंनी बी बगितलाता की. जिबेला लावून वडून बगितलाता. त्यांच्यासारखीला कळलं न्हाई, तर मला येडीला काय कळणार?"

ती टोमणा मारत नव्हती. तिचा माझ्यावर तेवढा विश्वास होता.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. आळीतल्या बायकांना मी मिठाचं काही सांगितलं नव्हतं, पण ही माझ्या घरात वाढली होती. लहानपणी मोरीत लाल पाण्याची बादली दिसली की ती विचारायची, "आई, दोऱ्याला मीठ का घालतेस?" आणि मी तिला सांगायची. पोरीपासून काय लपवायचं? तिचं ते बघणं चार-पाच क्षणांचं असेल. मग ती आत गेली, मीही तिच्या मागे गेले.

"तुला कळलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू काकीला महिनाभर भरू दिलंस."

उलट मलाच राग आला. "तू तिला का सांगितलंस तोरण? तुझी आई काय मेली होती?"

शांत बोलायची तिला कामावरची सवय आहे, पाहुणे कितीही चढ्या आवाजात आले तरी. तसंच शांतपणे म्हणाली, "तुझ्या कामाला हात लावायची भीती वाटते आई. लहानपणापासून. मोराच्या उशीवर डोकं टेकलं म्हणून तू मला उठवलं होतंस, ताप होता मला. मला दाराला रोज हात लागेल असं काहीतरी हवं होतं."

ती उशी मला आठवत होती. ताप आठवत नव्हता.

"काकीला तू सांगायचंस," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. आणि सांगितल्याशिवाय तोरणाचा विषय माझ्याशी काढू नकोस." आणि पर्स घेऊन लोणावळ्याच्या बसला गेली.

दुपारी मी धाकटीकडे गेले. तिनं पानं दोरीवर वाळत घातली होती, जणू वाळल्यावर रंग मागे फिरणार होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. अंगठ्याला लाल लागलं होतं, मला कळलं होतं, मी मुद्दाम बोलले नाही. मिठाच्या पाण्याचंही सांगितलं.

मला वाटलं ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडण्याला उत्तर देता येतं. ती म्हणाली, "मला तुमचा अंगठा दिसलाता. तुमी पदराला पुसला तवा. मी म्हनलं, तेवडं चालत आसंल, न्हाईतर जाऊबाई बोलल्या आसत्या."

एवढं बोलून ती आत गेली. मला वाटलं, आता दार लावेल. ती मॅटीचा उरलेला तुकडा आणि वही घेऊन बाहेर आली आणि पडवीत माझ्यापुढे ठेवली.

"आट दीस हायेत. मी कंदील करते. तुमी तारा करा."

मी माझ्या डब्यातली पक्की लाल लडी आणली. तिनं ती हातात घेतली, माझ्यादेखत जिभेला लावली, बोटानं ओढली, अंगठा बघितला, आणि मगच मला परत दिली. गरम पाणी, मीठ, दोनदा पाणी बदलणं, सगळं माझ्याकडून करून घेतलं आणि बाजूला उभी राहून बघितलं. बाकीच्या तीन पानांची झाक मिठाच्या पाण्यानं बरीचशी गेली. कंदील आणि ताऱ्याची गेली नाही.

मग आठ दिवस मी तिच्या पडवीत बसले. दुसऱ्याच्या मनातलं मोजणं फार जड जातं. पुस्तकातल्या नमुन्यात सगळं छापलेलं असतं, हिच्या वहीत कुठं खोडलेलं, कुठं पोराच्या वजाबाकीतला हातचा मधे आलेला. धुक्याच्या रिकाम्या चौकटी मला मोजताच येईनात. माझी सुई सारखी तिथं फुली टाकायला जायची.

"इथं किती सोडायच्या?" मी विचारायची.

"सात," ती म्हणायची, मान वर न करता. बारा वर्षं मी तिला याच सुरात उत्तर देत आले होते.

एकदा मी सांगून बघितलं की व्हरांड्याचा खांब एक घर डावीकडे घेतला तर अधिक शोभेल. "न्हाई," ती म्हणाली. "हाय तसाच घ्या." आणि मी घेतला. आठ दिवसांत तिनं मला मोजण्यापलीकडे एक शब्द दिला नाही. चहा मात्र रोज दिला. मुलगी संध्याकाळी यायची, दोघींच्या मधे बसायची, ताऱ्यावरून बोट फिरवायची. मी "हात धुतलेस का" असं म्हणायला तोंड उघडलं की ती माझ्याकडे बघायची, आणि मी तोंड मिटायची. लग्नाच्या आदल्या सकाळी पानं पट्टीला शिवली.

सांगायला लाज वाटते, पण तो तारा मी आयुष्यात भरलेल्या कुठल्याही मोरापेक्षा सरस झाला होता. धुक्यात लाल तारा, टोकं सुईसारखी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मंडपात रुखवत मांडताना माझ्या मनात पुन्हा सुरू झालंच की बायका विचारतील, आणि तेव्हा कळेल हे पान कुणाच्या हातचं ते.

देहूरोडच्या बायका आल्या. लाडू बघितले, मोरांच्या टेबलक्लॉथवरून नजर फिरवली आणि तोरणापाशी थांबल्या. मुलाची आत्या चष्मा लावून अगदी जवळ गेली. सगळी पानं सोडून तिचं बोट ताऱ्यावर टेकलं.

"अगं बाई, काय सफाई आहे! हे कुणी केलंय?"

मी खांबाआड होते. धाकटी तोरणाच्या बाजूलाच उभी होती, नव्या साडीत. ती माझ्याकडे वळली नाही.

"मीच केलंय," ती म्हणाली. "समदी पानं माजीच हायेत."

आत्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. माझी मुलगी तिथंच होती. तिनं ते ऐकलं, आणि बायकांना पुढची वस्तू दाखवायला लागली.